वजन नसलेला माल

मामांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान कुंभकोणमच्या बाजारात होतं आणि त्याच्या माडीवर मी कॉम्प्युटरचा वर्ग चालवायची. खाली गिऱ्हाइकं घागरी वाजवून बघत, वर माझे विद्यार्थी कळफलक बडवत. वर नेमकं काय शिकवतात हे मामांनी कधी विचारलं नाही. रिकाम्या माडीपेक्षा जिन्यावर माणसांची ये-जा दिसलेली दुकानाला बरी, एवढंच ते म्हणत.

कॉम्प्युटरकडे मी आले ती नकाशांच्या वाटेने. ऐंशीच्या दशकात मी पॉलिटेक्निकमधून नकाशे काढण्याचा डिप्लोमा घेतला आणि कालव्यांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे नोकरीला लागले. कावेरी, अरसलार, त्यांचे कालवे, कालव्यांचे फाटे, सगळं ट्रेसिंग कागदावर शाईने काढायचं. थेंब सांडला की ब्लेडने हलकेच खरवडायचा. पुढे कंत्राटदाराने कॉम्प्युटर आणला. धूळ बसू नये म्हणून तो कायम झाकलेला असे आणि कचेरीतल्या कोणालाच त्याला हात लावायची हौस नव्हती. मला होती. हळूहळू शाई सुटली, आणखी काही वर्षांनी नोकरीही सोडली आणि मी स्वतःचा वर्ग काढला.

घरी अम्मा आणि मी, दोघीच. वडील मी लहान असतानाच गेले. माझं लग्न झालं नव्हतं आणि त्याची काळजी बाहेरच्यांना जितकी होती तितकी आम्हा दोघींना नव्हती. घरात आम्ही आमची मराठी बोलतो, तंजावरच्या मराठा राजांच्या काळात इकडे आलेल्या माणसांची. पुण्याकडच्या माणसाला ती ऐकली की कोणी पोथीतून बोलतंय असं वाटतं, आणि मध्येच तमिळ शब्द आला की तो गडबडतो. इथे लिहिताना मी ती थोडी सोपी केली आहे.

मामांचा मुलगा सिंगापूरला नोकरी करायचा. नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याच्या सामानात एक मोठा चकचकीत खोका होता. विमान चालवण्याचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर. माझ्या वर्गातल्या सगळ्यात चांगल्या कॉम्प्युटरवर त्याने तो चढवला आणि मद्रासच्या धावपट्टीवरून विमान वर उचललं.

"आपल्या गावाकडे ने," मी म्हटलं.

"तिकडे काही नाही, अक्का."

"नसू दे. ने तरी."

होकायंत्र बघत त्याने किनाऱ्याने दक्षिणेकडे विमान घातलं आणि मग जमिनीकडे वळवलं. खाली हिरवं फडकं पसरल्यासारखी जमीन. देऊळ नाही, तळं नाही, रस्ता नाही. मला गावाचं फार वाटलं नाही, पण कावेरी नव्हती. जिचा एकेक फाटा मी हाताने काढला होता ती नदी कोणीतरी पुसून टाकली होती.

"हे बनवतं कोण?" मी विचारलं.

"मूळ खेळ कंपनी बनवते. पण ती मोठी शहरं तेवढी नीट करते. बाकीचं लोक घरी बसून बनवतात. कोणी एखादा विमानतळ करतो, कोणी डोंगर, कोणी नवं विमान. ॲड-ऑन म्हणतात. खेळात टाकलं की दिसायला लागतं."

त्याने त्याच्याजवळचं एक दाखवलं. सिंगापूरमधल्या कोणा शाळामास्तरने तिथला विमानतळ बनवला होता. खिडक्यासुद्धा होत्या.

"हे मला येईल," मी म्हटलं. भाजी आणायला निघालेल्या माणसाने सांगावं तसं मी ते सांगितलं, आणि खरंच दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

नदी आणि कालवे सोपे गेले, ते माझ्या हातात बसलेले होते. अडचण गोपुरांची. विमानातून गाव ओळखायचं तर गोपुरांवरून, आणि एकाचीही नेमकी उंची मला मिळेना. शेवटी शाळेत शिकलेलं आठवलं. काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, गोपुराची सावली मोजायची, मग त्रैराशिक. रविवारी सकाळी अम्मा आणि मी निघायचो. टेप माझ्याजवळ, काठी आणि छत्री अम्माजवळ. छत्री फक्त तिच्या डोक्यावर. काठीवर छत्रीची सावली पडली तर सगळं वाया, हे तिला एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही.

तिरुवलंचुळीला आम्ही टेप पसरून बसलो होतो तेव्हा तिथले गुरुक्कळ, म्हणजे देवळातले पुजारी, बाहेर आले आणि बराच वेळ उभे राहून बघत राहिले. मग तमिळमध्ये त्यांनी अम्माला विचारलं, "काय मोजता आहात?"

"गोपूर," अम्मा म्हणाली.

"कशासाठी?"

अम्माने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "कॉम्प्युटरमध्ये विमानं उडतात, त्यांना हे दिसावं म्हणून. दिसलं नाही तर येऊन आदळतील."

त्यांनी क्षणभर वर कळसाकडे पाहिलं. "मग नीट मोजा," ते म्हणाले, आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरून उभे राहिले.

दुसरी अडचण धावपट्टीची. आमच्या गावाला विमानतळ नाही. नुसतं गाव वरून बघून लोक परत जातील, कोणाला उतरायचं असेल तर कुठे उतरणार? मी तिरुनीलक्कुडीच्या बाजूला, भाताच्या शेतांत एक लहानशी मातीची धावपट्टी काढली आणि सोबतच्या माहितीत स्वच्छ लिहिलं की ही खरी नाही, कल्पनेतली आहे. तयार झाल्यावर मामांना वर बोलावून दाखवलं. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिले.

"हा कालवा ओळखीचा आहे," ते म्हणाले. "ह्याच्या पलीकडे माझं शेत."

"हो मामा. धावपट्टी तिथेच आहे."

"मज विचारलं का नाही?"

"आता विचारते."

"कुरुवै तेथेच लावतात. पिकावरून विमान नेऊ नको." कुरुवै म्हणजे उन्हाळा सरतासरता लावतात ते भात. ते गंभीरपणे बोलत होते, म्हणून मीही गंभीरपणे धावपट्टी बांधापलीकडे सरकवली. तिकडे जमीन पडीक होती आणि वारासुद्धा सरळ मिळत होता.

आमच्याकडे तेव्हा इंटरनेट पोचलं नव्हतं. मी फ्लॉपी पोस्टाने मामेभावाकडे पाठवल्या आणि त्याने सिंगापूरहून ते सगळं एका मोफत संग्रहात चढवलं. अशा संग्रहांत जगभरचे हौशी लोक आपापलं काम ठेवायचे, ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं. काही आठवड्यांनी भावाने लोकांची उत्तरं छापून पाठवली. एकाने लिहिलं होतं की त्याने रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तळ्यावर एक फेरी मारायचा नेम केला आहे. एकाला तळ्याच्या काठचे मंडप आवडले होते. एकाने विचारलं होतं, ही एवढी पाण्याची जाळी खरी आहे की तुम्ही शोभेला काढली? त्याला मी सविस्तर उत्तर लिहिलं.

गावात इंटरनेट आलं त्यानंतर थोड्याच दिवसांत दुकानातला फोन वाजला. मामांनी उचलला, ऐकला, ठेवला नाही, जिन्याखाली येऊन हाक मारली. "कोणी परका माणूस तुझं नाव घेतो आहे. इंग्रजी बोलतो, पण घाई नाही त्याला."

हॉलंडमधला माणूस होता. त्याचं तिथल्या एका लहान गावात विमानांच्या प्रतिकृतींचं दुकान होतं आणि आता त्याने इंटरनेटवर दुसरं दुकान उघडलं होतं, फक्त सिम्युलेटरच्या ॲड-ऑनचं. माझं गाव त्याने पाहिलं होतं.

"तुम्ही किती जण आहात?" त्याने विचारलं.

"मी आहे, आणि छत्री धरायला आई."

तो हसला. "पूर्ण खोरं कराल? तिरुच्चीपासून समुद्रापर्यंत? मी विकतो. सुंदर खोका करू, आत सीडी, वर तुमच्या देवळाचं चित्र."

"करते. पण खोक्याशिवायही ठेवा," मी म्हटलं. "ज्याला नुसतं उतरवून घ्यायचं असेल त्याला फोनच्या तारेवरून द्या."

"एवढी मोठी फाइल कोण उतरवणार? आणि खोका हातात आल्याशिवाय माणसाला काही घेतल्यासारखं वाटत नाही."

"ज्याला विमानात बसायचं आहे तो खोका कशाला बघतो? त्याला आज उडायचं असतं. तुम्ही दोन्ही ठेवा आणि बघा."

मी हे इतक्या खात्रीने कसं बोलले असं पुढे मला कोणी कोणी विचारलं. कारण साधं होतं. मी गावात राहत होते. जे हवं ते पोस्टाने येईपर्यंत थांबायचं म्हणजे काय हे हॉलंडमधल्या माणसापेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

मामा शेजारी उभे राहून ऐकत होते. इंग्रजी त्यांना व्यापारापुरतं येत होतं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "गिऱ्हाईक माल बघणार नाही, उचलणार नाही, वाजवणार नाही. तरी घेणार?"

"बघणार, मामा. तिथे चित्रं असतात. आणि आधी घेतलेली माणसं खाली लिहून ठेवतात, चांगलं आहे की वाईट."

"वाईट आहे असं दुकानदार लिहू देतो?"

"हा देतो."

ते विचारात पडले. "मग तो एक तर वेडा आहे, नाहीतर पुष्कळ पुढचं बघतो," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

पूर्ण खोऱ्याचं काम करायला मला वर्षाहून जास्त लागलं. माझ्या वर्गात नकाशे शिकलेल्या एका मुलीला मी हाताखाली घेतलं. तिने नागपट्टणमचा किनारा केला आणि माझ्यापेक्षा चांगला केला. सकाळी वर्ग, दुपारी नदी असा आमचा दिवस होता. गुरुवारी अम्मा गोविंदपुरमला भजनाला जायची, ती येताना आम्हा दोघींना तिथल्या प्रसादाची पुडी आणायची आणि पडद्यावर काय नवं आलं ते उभ्याउभ्या बघून जायची.

माल दुकानात लागला. पहिले काही महिने खोकेच गेले आणि हॉलंडच्या माणसाने मला प्रेमाने तसं कळवलं. मग हळूहळू उतरवून घेणारे वाढले. पुढच्या वर्षी त्याने फोनवर सांगितलं की खोक्यांची नवी छपाई तो थांबवतो आहे. "तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही दोन्ही ठेवलंत म्हणून ते कळलं."

पैसे परदेशातून येत, त्यामुळे बँकेत जावं लागे. तिथले अधिकारी सज्जन होते, पण त्यांना माझ्या मालाचं काय करावं ते कळेना.

"निर्यात कशाची?" त्यांनी विचारलं.

"एका नकाशाची. कॉम्प्युटरमधल्या."

"कुठल्या बंदरातून गेला?"

"बंदरातून नाही. फोनच्या तारेतून."

"वजन?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना वर्गात घेऊन आले, खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या घरावरून विमान नेलं. ते पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "माझी गच्ची अशी दिसते?" त्यानंतर त्यांनी स्वतः वरच्या कचेरीत विचारून रीतसर मार्ग काढून दिला, आणि मला पुन्हा कधी अडचण आली नाही.

खरी कसोटी आली ती मूळ खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा. कंपनीने जमीन मांडायची पद्धतच बदलली होती. माझं खोरं नव्या आवृत्तीत टाकल्याबरोबर गोपुरं जमिनीपासून वर अधांतरी उभी राहिली आणि नारळीची झाडं नदीच्या पात्रात उगवली. तक्रारी यायला लागल्या. त्या रागाच्या नव्हत्या, पण दुखावलेल्या होत्या. एका बाईंनी लिहिलं होतं, "माझं खोरं मोडलं." माझं, असा शब्द त्यांनी वापरला होता, आणि तो मला फार लागला.

हॉलंडहून फोन आला. "सगळ्यांचंच मोडलं आहे," तो म्हणाला. "बाकीचे लोक नवं करून नवा माल म्हणून विकणार आहेत. तुम्हीही तसंच करा."

"आणि ज्यांनी आधी घेतलं ते?"

"ते पुन्हा घेतील. दुसरं काय करणार?"

मी उद्या सांगते म्हटलं आणि खाली आले. मामा तराजूपाशी होते. समोर एका बाईंनी घरातला जुना हंडा आणला होता, बुडाशी चेपलेला. मामांनी तो तोलला, तेवढ्या वजनाचं नवं भांडं काढून दिलं आणि त्यांच्याकडून फक्त घडणावळ घेतली. हे मी लहानपणापासून पाहत होते. आमच्याकडे सगळेच भांडीवाले असं करतात. धातू गिऱ्हाइकाचाच, त्याला नवं रूप द्यायचं त्याची मजुरी तेवढी. बाई गेल्यावर मी मामांना माझी अडचण सांगितली.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "नदी तीच आहे का?"

"तीच. माझी जुनी आखणी कामाला येईल. पण पुन्हा बसवावी लागेल, मेहनत आहे."

"मग घडणावळ घे."

"जुना माल परत कसा घेऊ? तो वजनात येत नाही, मामा."

"त्याने घेतला होता हे दुकानदारास ठाऊक आहे ना? मग तोललाच समज."

दुसऱ्या दिवशी मी हॉलंडला फोन करून हेच सांगितलं. जुन्या गिऱ्हाइकांना नवं खोरं फक्त घडणावळीत. नवीन येईल त्याला पूर्ण किमतीत. कोणी आधी घेतलं आहे ते दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असतंच, तिथून ताडून बघा.

"यात तोटा आहे," तो म्हणाला.

"आज आहे. पण ही कंपनी दर थोड्या वर्षांनी नवी आवृत्ती काढणार. दर वेळी गिऱ्हाइकाला पहिल्यापासून घ्यायला लावलंत तर तो एकदा घेईल, दोनदा घेईल, मग खेळच सोडेल. आणि तुमचं दुकान काय आहे? तुमच्याकडे फळी नाही, काचेचं कपाट नाही. तुमच्याकडे फक्त हे आहे की कोणी काय घेतलं ते तुम्ही विसरत नाही. ते वापरा."

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

"खाली. तराजूपाशी."

त्याने ते केलं. सुरुवातीला फक्त माझ्या मालासाठी केलं, आणि आम्ही दोघी मुली (मी चाळिशीच्या जवळ आले होते, पण मामा आम्हाला तसंच म्हणत) सगळी गोपुरं पुन्हा जमिनीवर आणायला बसलो. जवळजवळ सगळी जुनी गिऱ्हाइकं परत आली. ज्या बाईंचं खोरं मोडलं होतं त्यांनी आपल्या दोन मैत्रिणींना आणलं. मग दुकानदाराने दुसऱ्या बनवणाऱ्यांनाही तीच रीत लावली.

नवं शतक लागल्यावर त्याने मला हॉलंडला बोलावलं. दरवर्षी तिथे सिम्युलेटरच्या हौशी लोकांची जत्रा भरते. एका मोठ्या दालनात टेबलं, टेबलांवर कॉम्प्युटर, आणि खऱ्या वैमानिकापासून निवृत्त पोस्टमनपर्यंत सगळे गर्दी करून उभे. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून तिथे गेले होते, आणि खरं सांगायचं तर मला पंखाची थरथर सोडून सगळं ओळखीचं वाटलं. साडी नेसलेली मी एकटीच होते. लोक येऊन हात मिळवत, आणि कुंभकोणम हे नाव म्हणून दाखवत, आपापल्या परीने.

दुपारी काही बनवणाऱ्यांना पुढे बसवलं होतं. एका तरुणाने उभं राहून विचारलं, "थोड्या वर्षांत उपग्रहाचे फोटो घेऊन कंपनी आख्खी पृथ्वीच बनवून देईल. मग तुमच्यासारख्यांचं काय काम? आणि ह्या दुकानांचं काय?"

माझ्या शेजारचे दोघं तिघं अस्वस्थ झाले. हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. मी माइक जवळ घेतला.

"बनवू दे," मी म्हटलं. "मला आनंद होईल, माझी कालव्यांची मेहनत वाचेल. पण उपग्रह वरून बघतो. त्याला गोपुराचा माथा दिसेल, अंगावरच्या मूर्ती दिसणार नाहीत. ते कोणी तरी खाली उभं राहून बघितलेलं असावं लागतं. शिवाय कंपनीला सगळी पृथ्वी सारखीच. ज्याला एकच गाव सगळ्यात चांगलं व्हावं असं वाटतं तो माणूस कंपनीत नसतो, तो त्या गावात असतो. दुकानांचं म्हणाल, तर जी फक्त माल देतील ती बंद पडतील. जी गिऱ्हाइकाला ओळखतील ती चालतील. आमच्या बाजारात हे असंच चालतं."

तो तरुण बसला नाही. "आणि खेळच बंद पडला तर?"

"तर दुसरा निघेल, आणि त्यातही आमचं गाव नसेल. ते आम्ही घालू."

लोक हसले, पण मी विनोद केला नव्हता, आणि बऱ्याच जणांना ते कळलं असावं, कारण नंतर जेवणाच्या रांगेत एक जर्मन गृहस्थ त्यांच्या डोंगराळ गावाचं काम दाखवायला मला टेबलाकडे घेऊन गेले आणि आम्ही जेवायचं विसरलो. त्यांच्या चर्चच्या मनोऱ्याची उंची चुकली होती. काठीची युक्ती मी त्यांना कागदावर काढून दिली.

घरी परत आले तेव्हा अम्माने आधी दूध तापवून कॉफी केली, मग समोर बसली. "कसे होते लोक?"

"चांगले. आपल्यासारखेच. एकेकाला एकेक गाव."

"आता पुढे काय करणार?"

"माझ्या हाताखालची मुलगी मदुरै करू म्हणते आहे. मी म्हणते आधी तंजावरचा राजवाडा नीट करू."

अम्माने पेला खाली ठेवला. "राजवाड्याचा बुरूज मोजायचा तर थंडीत जाऊ," ती म्हणाली. "ऊन तिरपं असतं, सावली लांब पडते. आणि छत्री यंदा नवी घे."